पासिंग कुठलं?

बेळगावात कुणी जुनी गाडी घेतली की "कितीला पडली?" हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो तो "पासिंग कुठलं?" म्हणजे नंबर कुठल्या आरटीओचा. बेळगावचा केए बावीस, कोल्हापूरचा एमएच नऊ, म्हापशाचा जीए तीन, एवढं कळलं की पुढचा हिशेब समोरचा आपल्या आपण मांडतो. किती स्वस्तात मिळाली असेल, इथला कर भरलाय की टाळतोय, आणि सीमाप्रश्न तापला की हा गाडी कुठं नेऊन लावणार. हे लहानपणापासून ऐकत आलोय. तरी सात सीटर शोधायला निघालो तेव्हा मी इंजिनापासून सुरुवात केली आणि तीन आठवडे घालवले.

घरात आम्ही सातजण. मी, बायको, दोन मुलं, आई, आप्पा आणि आत्या. दारात २०११ ची छोटी हॅचबॅक. सौंदत्तीला यल्लम्माला जायचं झालं की भाड्याची गाडी बघा, नाहीतर दोघांना घरी ठेवा. २०२४ च्या श्रावणात नृसिंहवाडीहून येताना आम्ही सगळेच त्या डब्यात कोंबून बसलो. संकेश्वरजवळ चहाला थांबलो, तर आप्पांना उतरल्यावर सरळ उभं राहता येईना. दाराला धरून पाच मिनिटं थांबले आणि म्हणाले, "आता मोठी गाडी घे. न्हाईतर पुढच्या खेपेला मी बसनं येतो."

बजेट ठरलं ८ लाख. जुनी गाडी विकून येतील ते, बाजूला ठेवलेले साडेतीन, आणि उरलेले सोसायटीचं कर्ज. नाव बदलणं, विमा, पहिली दुरुस्ती, सगळं यातच बसवायचं. नव्या गाडीची चौकशी एकदा केली होती. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला आयुष्यभराचा कर १७ टक्के, त्यावर सेस. ऑनरोड आकडा ऐकून फोन ठेवला.

माझा उद्यमबागेत लहानसा मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. त्यामुळे कुठलीही गोष्ट कागदावर मापं काढून बघायची खोड. जॉब कार्डाच्या पाठीमागं तक्ता आखला. एक्सयूव्ही ५०० ही २०११ च्या सप्टेंबरमध्ये आली, २.२ लिटरचं एमहॉक इंजिन, १४० हॉर्सपॉवर, मोनोकॉक बांधणी, म्हणजे वेगळी चॅसिस नाही, म्हणून रस्त्यावर कारसारखी बसते. सफारी स्टॉर्म २०१२ ची, शिडीच्या चॅसिसवर, उंच. स्कॉर्पिओ आमच्या भागात इतक्या आहेत की खानापूरपासून गोकाकपर्यंत कुठंही बंद पडली तरी कुणाकडे ना कुणाकडे पार्ट सापडतो. हेक्सा २०१७ च्या जानेवारीत आली आणि २०२० मध्ये धुराचे बीएस-सहा नियम लागू झाले तशी बंदच झाली; गाड्या थोड्या, म्हणून भाव पडलेला. आणि इनोव्हा. ती काही एसयूव्ही नव्हे असं जाणकार सांगतील, पण आमच्याकडे सातजण आणि तीन बॅगा घेऊन आंबोली घाट उतरते ती मोठी गाडी, मग तिला काहीही म्हणा.

इनोव्हाचा नाद आठवडाभरात सुटला. २०१३ ची, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेली, सीटचा फोम बसलेला, आणि मालक सव्वाआठ लाखांवरून खाली यायला तयार नाही. "इनोव्हा हाय सर. सोनं." दुसरी एक सहा लाखांत मिळत होती, तिचं आरसी बघितलं तर आधी यलो बोर्ड, मग व्हाइट बोर्ड. टॅक्सी म्हणून गोव्याच्या खेपा मारून मारून दमलेली गाडी. नमस्कार केला आणि निघालो.

बाकीच्यांचा निकाल माझ्या तक्त्यानं लागला नाही, आईच्या गुडघ्यानं लागला. तिचा उजवा गुडघा पाच वर्षांपासून धरलाय. पहिल्या दोन गाड्या मी एकट्यानं बघून आलो. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मला बसायचंय तर मलाच दाखव की." मग प्रत्येक गाडीला तीच पहिल्यांदा चढायची. स्टॉर्मच्या पायरीवर डावा पाय ठेवला, वरचं हँडल धरलं, आणि उजवा पाय जमिनीवरून उचलेचना. विकणारा मुलगा चांगला होता. म्हणाला, "मावशी, एक स्टूल ठेवायचं डिकीत." आई म्हणाली, "आणि ते स्टूल उचलून आत कोण घेणार, मी आत बसल्यावर?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शिवाय स्टॉर्मच्या मागच्या दोन सीटा आडव्या, समोरासमोर. मुलांना मजा वाटली, आत्याला खानापूरच्या वडापच्या जीपची आठवण झाली.

एक्सयूव्हीत आई सहज बसली. पण तिसऱ्या रांगेत मी स्वतः जाऊन बसलो तेव्हा गुडघे हनुवटीजवळ आले. मोठा आता नववीत आहे, वर्षभरात माझ्या उंचीचा होईल. तरी ही गाडी यादीत ठेवली, कारण भाव. आणि इथंच पासिंगचा घोळ सुरू झाला.

त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली एक्सयूव्ही बेळगावात पावणेसात लाख सांगत होते आणि कोल्हापुरात पाच नव्वद. पंचाऐंशी हजारांचा फरक. पुणे-बंगळूर हायवेनं दोन तासांचा रस्ता. मेव्हणा कोल्हापुरातच असतो, तो म्हणाला, "घेऊन टाका दाजी, नंबर काय करायचाय बदलून?"

बदलायचाय, हेच तर आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, असा मोटार वाहन कायदाच आहे. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओकडून एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८. मग इथं फॉर्म २७, शिवाय नाव बदलायचे २९ आणि ३०. आणि इथला आयुष्यभराचा कर नव्यानं, गाडीची मूळ किंमत आणि वय बघून. तिकडं आधी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी इथं भरल्याच्या पावत्या घेऊन तिकडं खेटे घालायचे. एजंटनं कागदावर आकडा लिहून दाखवला. लाखाच्या वर. म्हणजे स्वस्त गाडी पंचवीस-तीस हजारांनी महाग झाली, आणि तीन महिन्यांची धावपळ फुकट.

अर्थात, सगळे हे करतात असं नाही. शिनोळीच्या मामाच्या पत्त्यावर एमएच पासिंग ठेवून वर्षानुवर्षं बेळगावात फिरणारे मी दहाजण दाखवू शकतो. शिनोळी म्हणजे शहराच्या वेशीबाहेर पडलं की लागणारं चंदगड तालुक्यातलं गाव. तिथून महाराष्ट्र सुरू. मला मात्र रोज कामावर जाताना चौकात पोलीस दिसला की मान वळवायची नव्हती. आणि दुसरी गोष्ट, २०२२ चा डिसेंबर आठवत होता. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, दुसऱ्या बाजूला पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोन एमएच गाड्या आठवडाभर ताडपत्रीखाली होत्या. मराठी माणसाची गाडी बेळगावात एमएच म्हणून झाकायची आणि कोल्हापुरात केए म्हणून लांब लावायची. आपण दोन्हीकडचे पाहुणे.

तरीही कोल्हापूरला एकदा गेलोच. पाच नव्वदचा आकडा डोक्यातून जात नव्हता. बरोबर अनगोळचे मिस्त्री. हे तीस वर्षं डिझेल गाड्यांत हात काळे केलेले, माझ्याकडून बुश आणि पिन टर्न करून नेतात, तेवढी ओळख. तिथं एका दलालाच्या आवारात ती गाडी उभी. चकचकीत. आतून सुगंधी स्प्रेचा असा वास की डोळे चुरचुरले. मिस्त्री बॉनेट उघडतील असं वाटलं होतं, त्यांनी मागचं दार उघडलं आणि सीटबेल्ट ओढायला लागले. नेहमी आपण ओढतो तेवढा नव्हे, शेवटपर्यंत, रीळ संपेपर्यंत. पहिला हातभर पट्टा काळा, स्वच्छ. पुढच्या वीतभरात पिवळट डाग. आणि अगदी शेवटी आडवी एक रेघ, वाळलेल्या गाळाची, नखानं खरवडली तर भुकटी पडली. मिस्त्रींनी ती भुकटी बोटावर घेऊन मला दाखवली, काही बोलले नाहीत. मग सीटच्या खाली मोबाइलची बॅटरी मारली. रुळांना तांबूस गंज, सात-आठ वर्षांच्या गाडीला येऊ नये इतका.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, हायवे काही दिवस बंद होता. कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या बुडाल्या असतील कोण जाणे, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या गाड्या कुठंतरी जाणारच. दलाल म्हणाला, "पाणी नुसतं टायरपर्यंत आलं होतं." सीटबेल्टचं रीळ टायरच्या वर असतं, एवढंच मिस्त्री म्हणाले. परत येताना कोगनोळी नाका ओलांडेपर्यंत आम्ही दोघंही गप्प. मग निपाणीत भडंग घेतलं.

त्यानंतर मी नियम केला. केए बावीस, फार तर चिक्कोडीचं तेवीस किंवा धारवाडचं पंचवीस. दुसरं पासिंग असेल तर फोटोसुद्धा बघायचा नाही. यादी एका रात्रीत अर्ध्यावर आली. म्हापशाची एक जीए तीन सुटली, तिचं फारसं दुःख नाही, समुद्राच्या हवेतली गाडी खालून कशी असते ते आमच्या वर्कशॉपात येणारे गोव्याचे जॉब बघून कळतं. दुःख झालं ते एका डीएल पासिंगच्या फॉर्च्युनरचं. २०१४ ची, नऊ लाखांत. बजेटच्या बाहेर होती, तरी दोन रात्री झोप नव्हती. तेव्हा दिल्लीत दहा वर्षं झालेली डिझेल गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तिकडून असल्या गाड्या दक्षिणेला यायच्या. पण वीस लाखांवरच्या गाडीचा इथला कर बसतो १८ टक्क्यांच्या टप्प्यात, वय वजा केलं तरी आकडा दुखतोच. बायकोनं विचारलं, "आणि तिचा एक टायर केवढ्याचा?" विचारायला नको होतं तिनं.

केए बावीसमधली एक गाडी चांगली वाटली होती, मीटरला ५८ हजार. गाडी बघायला सकाळी सातला गेलो. आधीच सांगून ठेवलं होतं, चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवला, कोमट. क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं दहा आणि दोनच्या जागी चकाकलेलं. ५८ हजारांत असं होत नाही. सर्व्हिसचं रेकॉर्ड मागितलं तर "पुरात गेलं". प्रत्येकाचा पूर वेगळा.

अशात पितृपक्ष लागला. आईनं जाहीर केलं, या पंधरा दिवसांत इसार द्यायचा नाही. मी म्हटलं, बघायला काय हरकत आहे? बघायला हरकत नव्हती. आणि माझा अंदाज असा की दसऱ्याला सगळे गाडी घेतात, तर त्याच्या आधी गिऱ्हाईक नसताना बघावी, विकणारा जरा नरम असतो. टिळकवाडीतल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांची हेक्सा तशीच कळली. एक्सएम मॉडेल, २०१७ ची, केए बावीस, पहिले मालक, ९१ हजार किलोमीटर. मुलगा परदेशी, दोघांना एवढी गाडी नको. सांगत होते आठ लाख दहा हजार.

काका कानडी, मी मराठी, बोलणं तिसऱ्याच मिश्रणात. "गाडी चोलो ऐत्री, बघा तुम्ही, सावकाश बघा." म्हणजे गाडी चांगली आहे. आणि खरंच सावकाश बघू दिली. मी वर्कशॉपातून डायलचा मॅग्नेटिक स्टँड नेला होता, खालून कापड गुंडाळून. पत्र्याला लावत गेलो. जिथं पुट्टी भरलेली असते तिथं चुंबक धरत नाही, सरकतं. काकू खिडकीतून बघत होत्या, त्यांना वाटलं मी गाडीला स्टेथोस्कोप लावतोय. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात सरकलं. काका लगेच म्हणाले, "तिथं गेट लागलं होतं, मीच लावलं." न विचारता सांगितलं, हे मला आवडलं. सगळ्या काचांवर एकच साल. स्टेपनीच्या टायरवर ४०१७, म्हणजे २०१७ चा चाळिसावा आठवडा, जमिनीला न लागलेला. चालते चार २०२१ चे.

मिस्त्रींनी इंजिन थंडं असताना चालू केलं, धूर बघितला, मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवलं. झाकण उडालं नाही, नुसतं थरथरत बसून राहिलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. क्लच मात्र वरती धरत होता. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरात क्लच सोडला तर इंजिन लगेच बंद पडायला हवं, ते जरा रेंगाळून पडलं. "पंधरा हजार किलोमीटर जाईल अजून. पण खर्च आत्ताच कापून घ्या," त्यांनी कानात सांगितलं. "चाळीस धरा."

आईचा गुडघा? हेक्साची पायरी एक्सयूव्हीपेक्षा थोडी उंच, स्टॉर्मएवढी नाही. दाराच्या बाजूचं हँडल धरून ती दुसऱ्या प्रयत्नात बसली. तिसऱ्या रांगेत मोठा बसला, पाय मोकळे. या गाडीची एक सहा सीटरही होती, मधे दोन ऐसपैस खुर्च्या असलेली. भावात मिळते, पण आमच्यात आत्याला डिकीत बसवावं लागलं असतं. ही सातची होती.

रविवारी काकांच्या परवानगीनं सातहीजणांना घालून येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेली. चाचणीसाठी याच्याइतकी सोयीची चढण शहराजवळ नाही. वळणं आहेत, उतार आहे, आणि वर गेल्यावर दर्शनही होतं. तिथल्या शिवरायांच्या पुतळ्याचं २०२३ च्या मार्चमध्ये दोनदा अनावरण झालं, दोन पक्षांनी दोनदा. आप्पा दर खेपेला तिसऱ्यांदा नारळ फोडायचा विनोद करतात. दुसऱ्या गिअरात गाडी आवाज न करता चढली. ४०० न्यूटन-मीटरचा टॉर्क कागदावर वाचला होता, पाठीला कळला तो तिथं. क्लचचा जळका वास आला नाही. खाली उतरताना ब्रेक दाबला की उजवीकडून बारीक टक असा आवाज येत होता, लिंक रॉडचा, मिस्त्री म्हणाले, दोन हजाराचं काम.

भाव करायला आप्पा आले. चहा झाला, काकांच्या बँकेतल्या आठवणी झाल्या, आप्पांच्या गिरणीच्या झाल्या. मग आप्पा म्हणाले, "सात." काका म्हणाले, "साडेसात." मी क्लचचा कागद पुढं केला. सव्वासात लाखांवर हात मिळाले. इसार सर्वपित्रीनंतर, घटस्थापनेला द्यायचा ठरला, काकूंनाही तेच हवं होतं. पंधरा दिवस एका शब्दावर गाडी थांबली. आकडे बघितले तर क्लचसह सात पासष्ट, विमा, टक-टक आणि किरकोळ धरून आठ लाखांना चार हजार कमी.

कागदात एकच अडकलं. काकांचं कर्ज केव्हाच फिटलेलं, पण आरसीवरचा बोजा उतरवायचा राहिलेला. मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून आधी बघितलं म्हणून कळलं, नाहीतर सगळे पैसे देऊन बसलो असतो. फॉर्म ३५ वर शिक्का मिळायला बारा दिवस गेले. चकरा काकांनीच मारल्या. जुन्या गाडीला उच्च सुरक्षेची नवी नंबर प्लेट त्यांनी आधीच बसवून ठेवली होती. बोजा उतरला, मग २९ आणि ३० भरले. कानडी अर्ज मला वाचता येतात, शाळेचे उपकार.

त्या भानगडीत दसरा हुकला. आई दोन दिवस बोलली नाही. शेवटी धनत्रयोदशीला गाडी आली, झेंडूचा हार आदल्या दिवशीच आणून ठेवलेला, जरा सुकलेला.

एक माप मात्र मी कुठल्याच तक्त्यात घेतलं नव्हतं. हेक्साची रुंदी १९०३ मिलीमीटर, आरसे सोडून. आमच्या शहापुरातल्या गल्लीचं तोंड मी त्या रात्री टेपनं मोजलं, शेजाऱ्यांची स्कूटर धरून २१४० भरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आरसे मिटतो, हॉर्न एकदा वाजवतो, आणि आत्या पदर खोचून गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. "ये... ये... ये की रे... थांब! स्कूटर हाय."